टेस्टिंग शिकायचंय, पण सुरुवात कुठून? वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात सॉफ्टवेअर टेस्टिंगबद्दल जाता जाता चार ओळी लिहिल्या होत्या, त्यावर इतके प्रश्न आले की यावेळचा अख्खा कॉलम त्यालाच देतेय. सारखे प्रश्न एकत्र केलेत. नावं छापू नका असं बऱ्याच जणांनी लिहिलं होतं म्हणून कोणाचंच नाव दिलेलं नाही.

प्रश्न : ताई, मी कॉमर्सची पदवी घेऊन काही वर्षं अकाउंट्समध्ये काम केलंय. आता टेस्टिंगमध्ये यायचंय पण कोडिंगचा गंध नाही. क्लासवाले म्हणतात मॅन्युअल संपलं, डायरेक्ट ऑटोमेशन शिका. खरं काय?

मॅन्युअलपासूनच सुरू कर, आणि ते उरकून टाकायचं म्हणून करू नकोस. ऑटोमेशन म्हणजे काय तर तू आधी केलेला विचार मशीनकडून पुन्हा पुन्हा करून घेणं, मग विचारच झालेला नसेल तर मशीन पुन्हा करणार तरी काय? टूल शिकायला काही आठवडे लागतात, पण एखाद्या स्क्रीनकडे बघून इथे काय काय बिघडू शकतं आणि बिघडलं नाही तर नेमकं काय दिसायला पाहिजे हे सुचायला डोकं तयार व्हावं लागतं, आणि ते हाताने टेस्टिंग करूनच होतं.

एकच साधं उदाहरण घे. अर्जाचा फॉर्म आहे, नियम असा की वय 18 ते 60 असेल तरच अर्ज घ्यायचा. नवीन माणूस 25 टाकतो, पास, 70 टाकतो, एरर आली, झालं टेस्टिंग. आता प्रोग्रामरने '18 किंवा त्याहून मोठं' लिहायच्या ऐवजी चुकून '18 पेक्षा मोठं' लिहिलं असेल तर? 25 टाकणाऱ्याला हा बग जन्मात सापडणार नाही, तो फक्त आणि फक्त 18 टाकल्यावरच दिसतो. म्हणून 17, 18, 60, 61 हे आकडे आधी टाकायचे, याला बाउंड्री व्हॅल्यू अ‍ॅनालिसिस म्हणतात. आणि 25, 32, 47 सगळे एकाच गटातले, त्यातला एक तपासला की बास, याला इक्विव्हॅलन्स पार्टिशनिंग. नावं भारदस्त आहेत पण गोष्ट एवढीच. त्यानंतर रिकामं सोडून बघ, नुसती स्पेस देऊन बघ, वजा आकडा, दशांश, अक्षरं, आणि मराठी कीबोर्डवरून १८ पण टाकून बघ.

पण खरी गंमत पुढे आहे. वय 18 म्हणजे कोणत्या तारखेला 18? अर्ज भरला त्या दिवशी की अर्जाची मुदत संपते त्या दिवशी? आणि 29 फेब्रुवारीला जन्मलेल्याला साध्या वर्षात कोणत्या दिवशी वय वाढलं असं धरायचं, 28 फेब्रुवारी की 1 मार्च? हे प्रश्न कोड लिहायच्या आधी विचारता येतात आणि तेव्हा विचारले तर दुरुस्तीचा खर्च जवळपास शून्य असतो. फुकटची कीसकाढणी वाटत असेल तर 29 फेब्रुवारी 2012 ला काय झालं ते बघ. त्या दिवशी मायक्रोसॉफ्टची अझ्युर ही क्लाउड सेवा कित्येक तास कोलमडली, कारण एका ठिकाणी सर्टिफिकेटची मुदत काढताना आजच्या तारखेत वर्ष तेवढं एकने वाढवलं होतं आणि तारीख आली 29 फेब्रुवारी 2013, जी कॅलेंडरमध्ये नाहीच. सर्टिफिकेट बनेना, म्हणून नवीन मशिन्स सुरू होईनात.

आणि अकाउंट्सचा अनुभव वाया गेला असं अजिबात समजू नकोस. तीन ओळींचं बिल आहे, प्रत्येक ओळीवर कर येतोय 10.3333 असा. ओळीगणिक राउंड केलं तर 10.33 गुणिले 3 म्हणजे 30.99, आणि शेवटी एकदाच राउंड केलं तर 31.00. यातलं बरोबर कोणतं? हा प्रश्न तुला पहिल्याच दिवशी पडेल, कॉम्प्युटर सायन्स शिकून आलेल्या मुलाला पडेलच असं नाही. त्यात भर म्हणजे बऱ्याच प्रोग्रामिंग भाषांमध्ये साध्या दशांश आकड्यांत 0.1 अधिक 0.2 केलं की 0.30000000000000004 येतं, त्यामुळे पैशांचा हिशोब असेल तिथे तुझी नजर लागतेच.

अभ्यासाचं म्हणशील तर आधी टेस्ट केस (काय करून बघायचं आणि काय दिसायला हवं याची नोंद) आणि बग रिपोर्ट लिहायला शीक, मग ब्राउझरचे डेव्हलपर टूल्स, त्यातला नेटवर्क टॅब बघायची सवय लाव, बटण दाबल्यावर मागे कोणती रिक्वेस्ट जाते आणि 200 आलं (सगळं ठीक), 401 आलं (लॉगिनची ओळख पटली नाही) की 500 आलं (सर्व्हरमध्येच बिघाड) हे वाचता आलं पाहिजे. मग एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा, निदान सिलेक्ट, जॉइन आणि ग्रुप बाय, कारण स्क्रीनवर 'सेव्ह झालं' दिसतं आणि टेबलमध्ये काहीच नसतं असं खरोखर होतं. एवढं हातात आल्यावर कोडिंगला हात घाल, तोपर्यंत भीतीही बरीच कमी झालेली असेल.

प्रश्न : मी जीव तोडून बग शोधते पण डेव्हलपर 'माझ्याकडे चालतंय' लिहून परत पाठवतात. सगळ्यांसमोर फार अपमान वाटतो. काय करू?

अपमान वाटणं समजू शकते, पण त्या वाक्याकडे एक माहिती म्हणून बघून बघा. त्याच्याकडे चालतंय आणि तुमच्याकडे चालत नाही, म्हणजे दोघांच्यात काहीतरी वेगळं आहे, आणि बहुतेक वेळा ते वेगळं जे आहे तोच बग असतो.

समजा रिपोर्ट असा गेला : 'लॉगिन होत नाही, अर्जंट.' डेव्हलपरने लॅपटॉपवर ईमेल टाइप केला, पासवर्ड टाकला, झालं लॉगिन, त्याने परत पाठवलं, त्याचं तरी काय चुकलं? आता हाच बग असा लिहून बघा : 'मोबाइलवर कीबोर्डने सुचवलेला ईमेल निवडला की लॉगिन होत नाही, शेवटी स्पेस येते.' खाली पायऱ्या, की अ‍ॅप उघडा, ईमेलच्या रकान्यात पहिली तीन अक्षरं टाइप करा, कीबोर्डवर आलेलं सजेशन दाबा, पासवर्ड टाका, लॉगिन दाबा. काय झालं : 'ईमेल किंवा पासवर्ड चुकीचा' असा मेसेज. काय व्हायला हवं होतं : शेवटची स्पेस काढून टाकून लॉगिन. मग फोनचं मॉडेल, सिस्टिमचं व्हर्जन, अ‍ॅपचं बिल्ड, आणि हेही लिहा की स्पेस हाताने पुसली की लॉगिन होतंय. हा रिपोर्ट परत येणं अवघड आहे, कारण बगचं मूळ तुम्हीच शोधून दिलंय. लॅपटॉपवर सजेशन येतच नव्हतं, म्हणून त्याच्याकडे 'चालत' होतं. दोघंही खरं बोलत होता!

बग पुन्हा घडवून दाखवणं याला किती किंमत आहे ते थेरॅक-25 या रेडिएशन मशीनच्या गोष्टीवरून कळतं. 1985 ते 1987 या काळात या मशीनमुळे 6 अपघात झाले, रुग्णांना प्रचंड जास्त डोस गेला, त्यातले काही दगावले. 1986 मध्ये टेक्सासमधल्या एका हॉस्पिटलात स्क्रीनवर नुसतं 'मालफंक्शन 54' येत होतं, त्याचा अर्थ ऑपरेटरला कळायची सोय नव्हती, आणि कंपनीच्या लोकांना तो प्रकार पुन्हा घडवताच येत नव्हता. शेवटी तिथल्या फिजिसिस्टने आणि ऑपरेटरने मिळून चिकाटीने तेच तेच करत राहून शोधलं की ऑपरेटरने माहिती भरून, चूक लक्षात आल्यावर वर जाऊन ती झटपट, म्हणजे साधारण 8 सेकंदांच्या आत दुरुस्त केली तरच हे होतं. सावकाश टाइप करणाऱ्याला तो बग दिसणं शक्यच नव्हतं. सराव झालेल्या माणसाचा वेग हीच त्यातली अट होती. म्हणून पायऱ्या लिहिताना वेग, क्रम, मध्ये थांबलो का, मागे गेलो का, हे पण लिहीत जा, क्षुल्लक वाटलं तरी.

आणि अजून एक, रिपोर्टमध्ये माणसाबद्दल काही लिहू नका. 'तुम्ही पुन्हा तेच केलं' वगैरे नको. सॉफ्टवेअरने काय केलं तेवढंच.

प्रश्न : आयएसटीक्यूबीचं सर्टिफिकेट केलं तर नोकरी मिळते का?

आयएसटीक्यूबी ही टेस्टिंगच्या परीक्षा ठरवणारी आंतरराष्ट्रीय संस्था. नुसत्या तिच्या सर्टिफिकेटने नोकरी नाही मिळत. फाउंडेशन लेव्हलची परीक्षा 40 प्रश्नांची असते, 60 मिनिटं, पास व्हायला 65 टक्के म्हणजे 26 बरोबर हवेत, इंग्रजी मातृभाषा नसेल आणि पेपर इंग्रजीत देणार असाल तर 15 मिनिटं जास्त मिळतात. सिलॅबस फुकट वाचायला मिळतो, 2023 ला त्याची 4.0 आवृत्ती आली, ती घ्या, जुन्या नोट्स नकोत. फायदा हा की सगळीकडे वापरली जाणारी भाषा कळते, सिव्हिरिटी (बग किती गंभीर) आणि प्रायॉरिटी (तो किती लवकर दुरुस्त करायचा) यातला फरक वगैरे. आधी सिलॅबस वाचून काढा, परीक्षेची फी भरायची की नाही ते मग ठरवा.

प्रश्न : सेलेनियम शिकू की प्लेराइट? जावा की पायथन? प्रत्येक जण वेगळं सांगतो, डोकं गरगरतंय.

दोन्ही ब्राउझर आपोआप चालवून टेस्ट करायची टूल्स आहेत. तू ज्या कंपन्यांमध्ये अर्ज करणार आहेस त्यांच्या जाहिराती समोर ठेव आणि त्यात जे जास्त दिसतंय ते घे, यापेक्षा खोल विचार करण्यासारखं यात काही नाही. सेलेनियम 2004 पासून आहे, जेसन हगिन्स यांनी ते थॉटवर्क्समध्ये असताना सुरू केलं, पुढे त्यातली वेबड्रायव्हरची, म्हणजे स्क्रिप्टने ब्राउझरला हुकूम द्यायची पद्धत 2018 मध्ये डब्ल्यूथ्रीसी या वेबचे नियम ठरवणाऱ्या संस्थेने अधिकृत स्टँडर्ड म्हणून स्वीकारली, त्यामुळे जुने मोठे प्रोजेक्ट्स भरपूर आहेत आणि ते सांभाळायला माणसं लागतात. प्लेराइट मायक्रोसॉफ्टचं, 2020 चं, त्यात क्लिक करायच्या आधी बटण दिसतंय का, हलायचं थांबलंय का, दाबता येण्यासारखं आहे का हे ते स्वतःच तपासतं, म्हणून सुरुवात करणाऱ्याला त्रास कमी होतो. नवीन काही उभं करायचं असेल तर मी प्लेराइट घेईन. भाषा कोणतीही चालेल, पण एकच घे आणि तिच्यात लूप, फंक्शन, लिस्ट, क्लास, एक्सेप्शन एवढं नीट कर, दोन्ही अर्धवट नको.

त्यापेक्षा वेळ लोकेटर्सवर घालव. स्क्रीनवरचं बटण स्क्रिप्टला कसं ओळखायला सांगायचं हा तो भाग, आणि इथे नवीन लोक ब्राउझरमधून कॉपी केलेला लांबच्या लांब एक्सपाथ (पानाच्या कोडमधला बटणाचा पत्ता) चिकटवतात, की अमक्या डिव्हच्या आतला तिसरा डिव्ह, त्यातला दुसरा, त्यातलं बटण. डिझायनरने मध्ये एक चौकट वाढवली की गेलं सगळं. त्याऐवजी बटणाची आयडी, त्याचं नाव, त्यावरचा मजकूर वापर, किंवा डेव्हलपरला सरळ सांग की टेस्टसाठी एक वेगळं अ‍ॅट्रिब्यूट ठेव, बरेच जण आनंदाने ठेवतात, कुणी मागत नाही म्हणून ठेवलेलं नसतं. आणि लॉगिन पेजवरचं सगळं एका ठिकाणी, कार्टवरचं एका ठिकाणी असं वेगवेगळ्या क्लासमध्ये लिही, यालाच पेज ऑब्जेक्ट मॉडेल म्हणतात, पुढे पेज बदललं की एकाच फाइलमध्ये बदल करावा लागतो.

प्रश्न : आमच्याकडे शेकडो ऑटोमेटेड टेस्ट्स आहेत. रोज त्यातल्या वेगळ्याच फेल होतात, पुन्हा चालवलं की पास. आता टीममध्ये कोणी लाल रंगाकडे बघतच नाही. काय करावं?

हा यावेळचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न. फेल झालेल्या टेस्टकडे कोणी बघत नसेल तर त्या टेस्ट्स असून नसल्यासारख्या आहेत, उलट वाईट, कारण वरच्या लोकांना वाटतं आपल्याकडे ऑटोमेशन आहे. अशा टेस्ट्सना फ्लेकी म्हणतात.

आधी त्या टेस्ट्स मुख्य रनमधून वेगळ्या काढून ठेवा, म्हणजे उरलेल्यांतलं लाल खरं लाल राहील. मग एकेक घ्या. बहुतेक ठिकाणी कारण वेटिंगचं निघतं. कुणीतरी थ्रेड स्लीप लावून 3 सेकंद थांबा असं लिहिलेलं असतं, सर्व्हर निवांत असतो तेव्हा 1 सेकंदात काम होतं आणि 2 सेकंद फुकट जातात, सर्व्हरवर लोड असला की 4 सेकंद लागतात आणि टेस्ट फेल. आकडा वाढवून 10 करणं हा उपाय नाही, शेकडो टेस्ट्समध्ये असं केलं तर रन तासन्‌तास चालेल. 'ऑर्डर नंबर दिसेपर्यंत थांब, जास्तीत जास्त 15 सेकंद' अशी अट घालून थांबायचं, याला एक्सप्लिसिट वेट म्हणतात, जेवढा वेळ लागेल तेवढाच जातो.

दुसरं कारण डेटा. दोन टेस्ट्स एकच युजर वापरतात, एक त्याचा पत्ता बदलते आणि दुसरी जुना पत्ता शोधत बसते, एकापाठोपाठ चालवल्या तर पास, एकदम चालवल्या तर कधी हे कधी ते. प्रत्येक टेस्टने स्वतःचा युजर स्वतः बनवावा, आणि तो स्क्रीनवरून फॉर्म भरून नको, एपीआयने, म्हणजे स्क्रीन वगळून थेट सर्व्हरशी बोलून, एका रिक्वेस्टमध्ये बनवा. क्रमावर अवलंबून असलेल्या टेस्ट्स ओळखायच्या असतील तर क्रम उलटसुलट करून चालवा, लगेच उघड्या पडतात. रात्री बारानंतर फेल होणारी टेस्ट दिसली तर तारीख आणि टाइमझोन बघा, सर्व्हर यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) असतो आणि टेस्ट तुमच्या घड्याळावर.

पण मला जास्त काळजी दुसऱ्या गोष्टीची वाटते, त्या न फेल होणाऱ्या टेस्ट्सची. तुमच्या हिरव्या टेस्ट्समधली कोणतीही एक उघडून वाचा. लॉगिन केलं, वस्तू कार्टमध्ये टाकली, पैसे भरायचं बटण दाबलं, संपली टेस्ट. असर्ट, म्हणजे निकाल अपेक्षेप्रमाणे आहे का हे तपासणारी ओळ, कुठेय? बटण दाबता आलं एवढंच तिने तपासलं, ऑर्डर झाली का, रक्कम बरोबर आली का, स्टॉक एकने कमी झाला का, यातलं काहीच नाही. किंवा असर्ट आहे पण तो 'पेजचं टायटल रिकामं नाही' असा. अशी टेस्ट कधीच फेल होणार नाही आणि म्हणूनच ती कुणाला खटकतही नाही. माझा सगळ्यांना आग्रह असतो की टेस्ट लिहून झाली की ती एकदा तरी फेल होताना डोळ्यांनी बघा. डेव्हलपरकडून तात्पुरता कोड बिघडवून घ्या, बेरजेच्या जागी वजाबाकी करा, किंवा निदान टेस्टमधली अपेक्षित रक्कम चुकीची टाका. तरीही हिरवीच राहिली तर ती टेस्ट टाकून द्या. हेच काम मशीनकडून मोठ्या प्रमाणावर करून घेता येतं, त्याला म्युटेशन टेस्टिंग म्हणतात.

आणि शेकडोच्या शेकडो टेस्ट्स ब्राउझरमधूनच का? कराचा हिशोब बरोबर आहे का हे बघायला ब्राउझर उघडायची गरज नसते. माइक कोहन यांनी मांडलेला टेस्ट पिरॅमिड टीमला दाखवा, खाली भरपूर युनिट टेस्ट्स (कोडचा एकेक छोटा तुकडा तपासणाऱ्या), मध्ये एपीआयच्या, वर थोड्याच स्क्रीनवरच्या. हिशोबाच्या सगळ्या टेस्ट्स खाली ढकलल्या की वरचा गोंधळ आपोआप कमी होतो, असाच अनुभव आहे.

प्रश्न : रिलीजनंतर बग निघाला की मॅनेजर सगळ्यांसमोर विचारतात, 'तुम्ही टेस्ट केलं होतं ना?' यावर काय बोलायचं?

काय तपासलं आणि काय तपासलं नाही हे रिलीजच्या आधीच लेखी द्यायचं. सगळं तपासणं शक्य नसतं आणि हे आकड्यात दाखवता येतं. दोन आकड्यांची बेरीज करणारं फंक्शन घ्या, दोन्ही 32 बिटचे. शक्य असलेल्या जोड्या 2 चा 64 वा घात, सेकंदाला 100 कोटी तपासल्या तरी 580 वर्षांहून जास्त लागतील. एका बेरजेला! डच शास्त्रज्ञ एड्सगर डायक्स्ट्रा यांनी 1969 मध्येच सांगून ठेवलंय की टेस्टिंगने बग आहेत हे दाखवता येतं, नाहीत हे दाखवता येत नाही.

म्हणून निवड करावी लागते, आणि निवड कशावरून केली ते सांगता आलं पाहिजे. पैसे कुठे फिरतात, कोड कुठे नुकताच बदललाय, कुठे आधी बग निघालेत, कोणता भाग बिघडला तर परत फिरता येणार नाही, तिथे वेळ जास्त. रिलीजच्या आधी दोन परिच्छेदांचा मेल टाका, की एवढं झालं, जुन्या ब्राउझरवर झालं नाही, एकाच वेळी दोन ठिकाणांहून पेमेंट हे फक्त वरवर बघितलंय, धोका इथे वाटतो. मग निर्णय सगळ्यांचा होतो.

मॅनेजरना हेही समजावून सांगा की क्यूए (क्वालिटी अ‍ॅश्युरन्स) म्हणजे फक्त शेवटी टेस्ट करणं नाही. 1 ऑगस्ट 2012 ला नाइट कॅपिटल या अमेरिकेतल्या शेअर ट्रेडिंग कंपनीने साधारण 45 मिनिटांत 44 कोटी डॉलरच्या आसपास घालवले. नवीन कोड 8 सर्व्हरवर टाकायचा होता, 7 वर गेला, आठव्यावर जुनाच राहिला, आणि नवीन कोडने ज्या जुन्या फ्लॅगचा (कोडमधल्या चालू-बंद खुणेचा) पुनर्वापर केला होता त्याने त्या सर्व्हरवरचं कित्येक वर्षांपूर्वीचं बंद पडलेलं फंक्शन जागं केलं. आठही सर्व्हरवर एकच व्हर्जन आहे का हे दुसऱ्या कुणी बघितलं असतं तर ते तिथेच दिसलं असतं. हा प्रश्न टेस्ट केसमध्ये कुठेच बसत नाही, पण तो विचारणं क्वालिटीचंच काम आहे.

प्रश्न : आमच्या अ‍ॅपमध्ये मराठी नावं आहेत. सर्चमध्ये 'गोऱ्हे' आडनाव कधी सापडतं, कधी नाही. डेव्हलपर म्हणतो डेटा चुकीचा आहे. स्क्रीनवर तर दोन्ही सारखंच दिसतं!

दिसतं सारखं, आत वेगळं आहे. हा अर्धा ऱ युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षर-चिन्हाला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, दोन प्रकारे लिहिता येतो. एक म्हणजे खाली टिंब असलेला ऱ आणि त्याला हलंत, दुसरी म्हणजे साधा र, हलंत आणि त्यानंतर झिरो विड्थ जॉइनर नावाचं न दिसणारं चिन्ह. पहिल्या पद्धतीत 'गोऱ्हे' मध्ये 6 कोडपॉइंट (असे क्रमांक) होतात, दुसऱ्या पद्धतीत 7. कोणता कीबोर्ड कोणती पद्धत वापरतो त्यावर ठरतं. नाव नोंदवणाऱ्याने एका कीबोर्डवरून टाकलं आणि शोधणाऱ्याने दुसऱ्या, तर कॉम्प्युटरच्या लेखी ते दोन वेगळे शब्द. नेहमीच्या युनिकोड नॉर्मलायझेशननेही (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एक करायच्या पद्धतीनेही) हे दोन एक होत नाहीत, म्हणून सेव्ह करताना आणि शोधताना दोन्हीकडे एकच रूप करून घ्यायचा नियम डेव्हलपरला मुद्दाम लिहावा लागेल. रिपोर्टमध्ये दोन्ही नावांचे कोडपॉइंट लावून द्या, मग वाद राहणार नाही.

मराठी डेटा असेल तर लांबीही बघा. 'लक्ष्मी' डोळ्याला छोटं नाव दिसतं, पण त्यात 7 कोडपॉइंट आहेत आणि यूटीएफ-8 या साठवायच्या पद्धतीत 21 बाइट्स होतात, त्यामुळे जिथे कॉलमची लांबी बाइट्समध्ये मोजलेली असते आणि मर्यादा 20 असते तिथे हे एवढंसं नाव बसत नाही. आणि वर पहिल्या उत्तरात १८ टाकून बघा म्हटलं ते याचसाठी. पायथनमध्ये १८ चं आकड्यात रूपांतर केलं की बिनतक्रार 18 मिळतं, जावास्क्रिप्टमध्ये नंबर केलं की 'नॉट अ नंबर' येतं. म्हणजे एकाच अ‍ॅपमध्ये ब्राउझर नाही म्हणतो आणि सर्व्हर हो म्हणतो असंही होऊ शकतं.

प्रश्न : आता एआय टेस्ट्स लिहून देतं, मग आम्ही शिकून काय उपयोग? आणि कंपनी नसताना सराव करायचा तरी कुठे?

एआयला कोड देऊन टेस्ट लिहायला सांगितलं की ते कोड वाचतं आणि कोड जे करतोय तेच अपेक्षित धरून टेस्ट लिहायचा धोका असतो. '18 पेक्षा मोठं' असा चुकीचा कोड असेल तर 18 ला अर्ज नाकारला जावा अशी टेस्ट लिहून मिळते, हिरवीगार. नियम 18 धरून होता हे कुणीतरी बाहेरून सांगावं लागतं. तो सांगणारा माणूस व्हायचं असेल तर शिका, टाइपिंगचं काम एआयला जरूर द्या, मीही देते, पण आलेली प्रत्येक टेस्ट वाचून आणि एकदा फेल करून बघते.

सरावासाठी सॉस लॅब्सची स्वॅग लॅब्स नावाची डेमो साइट आहे, मुद्दाम टेस्टिंगसाठी बनवलेली, लॉगिनची नावं पहिल्याच पानावर दिलेली असतात. आधी 'स्टँडर्ड युजर'ने आत जा, सगळं नीट चालताना बघून घ्या, काय काय दिसतंय ते लिहून ठेवा. मग 'प्रॉब्लेम युजर'ने जा. वस्तूंच्या फोटोंपासून सुरुवात करा, आणि चेकआउटच्या फॉर्ममध्ये आडनाव टाइप करताना वरच्या रकान्यावर नजर ठेवा. जे सापडेल त्याचे रिपोर्ट्स वर सांगितलेल्या पद्धतीने लिहा आणि हवं तर मला पाठवा, निवडक दोन-तीन पुढच्या अंकात दुरुस्त्यांसकट छापेन.